सड्यावर झाडं लावू नका, प्लीज

दरवर्षी मे महिना संपत आला की आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज येतोच येतो. यंदा सड्यावर वृक्षारोपण आहे, चाकरमान्यांनी रोपांसाठी हातभार लावावा. खाली लगेच पंचवीस अंगठे, हात जोडलेले, हिरवी रोपटी. खोटं कशाला बोलू, मीपण दोन वर्षं पाचशे-पाचशे रुपये दिले. तिसऱ्या वर्षी दिले नाहीत आणि का देत नाही ते दोन ओळीत लिहिलं तर गावातल्या एका काकांचा रिप्लाय आला, "कातळार काय गावतला तुका? झाडा लावतत तर लावूंदेत." दोन ओळीत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आमचं गाव देवगड तालुक्यात. घरं, माड, विहिरी सगळं खाली खाडीच्या बाजूला आणि डोक्यावर सडा, म्हणजे जांभ्याचं सपाट पठार, मैलभर नुसता काळपट तांबूस कातळ. एप्रिल-मे मध्ये त्याच्यावर अनवाणी चालून दाखवा, मानलं तुम्हाला. सातबाऱ्यावर या जमिनीला "पोटखराबा" म्हणतात. शब्दच बघा ना, खराबा. इंग्रजांच्या महसुली डोक्यातून आलेली वाटणी आहे ही, ज्यातून सारा मिळतो ती जमीन आणि ज्यातून मिळत नाही तो खराबा. आपण स्वतंत्र झालो तरी कागद तोच. देशाचा पडीक जमिनींचा नकाशा निघतो त्यातपण खडकाळ ओसाड म्हणून एक वेगळा रंग असतो आणि कोकणातले सडे त्या रंगात जातात. एकदा का कागदावर ओसाड लागलं की पुढचं सगळं सोपं होतं, मग तिथे चिरेखाण काढा, कारखाना आणा, नाहीतर अगदीच काही नाही तर निदान झाडं तरी लावा. म्हणजे सड्याच्या मुळावर उठलेले आणि सड्याचं भलं करायला निघालेले, दोघांचं सुरुवातीचं वाक्य एकच, की इथे काही नाही.

माझं म्हणणं उलट आहे. सड्यावर एक पूर्ण वस्ती आहे, ती तिथल्या परिस्थितीतून तयार झालीय, आणि झाडं लावून आपण ती सुधारत नाही, मोडतो.

शाळेत भूगोलात आपण काय शिकलो? पाऊस आणि तापमान बघायचं आणि त्यावरून जगाचे पट्टे पाडायचे. टुंड्रा, तैगा, गवताळ प्रदेश, वाळवंट, सदाहरित जंगल. यालाच बायोम म्हणतात. आता या हिशेबाने कोकणात ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, थंडी नावाला, म्हणजे इथे सगळीकडे दाट जंगल असायला हवं. आणि ते जिथे नाही तिथे माणसाने तोडलं असणार, म्हणून परत लावायचं. वरवर एकदम बरोबर वाटतं. पण पाऊस पडतो कशावर ते कुणी बघायचं? सड्यावर मातीच बोट-दोन बोटं, बऱ्याच ठिकाणी तेवढीपण नाही. पावसात चार महिने पाणी तुंबलेलं आणि उरलेले आठ महिने तवा. झाडाला पाऊस किती याच्याशी घेणं नसतं, मुळाला पाणी कधी आणि किती दिवस मिळतं याच्याशी असतं. म्हणून एकाच पावसात, एकाच तालुक्यात, वर सड्यावर टिचभर गवत आणि खाली घळीत आईन, किंजळ, जांभूळ. आणखी लांब कशाला, आमच्याच सिंधुदुर्गात दोडामार्गजवळ बांबर्ड्याच्या देवराईत बारमाही पाण्यात उभं राहणारं रानजायफळाचं दलदलीचं जंगल आहे, जेमतेम २.५९ हेक्टर, २०२१ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. जिल्हा तोच, पाऊसपण तसाच धो धो. फरक फक्त पाणी थांबतं कुठे आणि माती किती, एवढ्याचाच.

यावर शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत मोठा वाद झालाय. फ्रेडरिक क्लेमेंट्स नावाच्या शास्त्रज्ञाने १९१६ च्या सुमारास मांडलं की उघडी जमीन एका ठरलेल्या क्रमाने भरत जाते, आधी शेवाळ, मग गवत, मग झुडपं, आणि शेवटी त्या हवामानाला साजेसा कळस. त्याच्या मते ही सगळी वनस्पतींची वस्ती म्हणजे जणू एक प्राणीच, जन्मतो, वाढतो, वयात येतो. मग १९२६ मध्ये हेन्री ग्लीसन म्हणाला की असं काही नसतं, प्रत्येक जात आपापल्या गरजेप्रमाणे आणि बी कुठे पडलं त्या नशिबाप्रमाणे येते, आणि एका जागी जमलेल्या जातींच्या त्या गर्दीला आपण नाव देतो. त्याला तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. पुढे १९५० च्या दशकात रॉबर्ट व्हिटेकरने तिकडच्या ग्रेट स्मोकी डोंगरांत उंचीप्रमाणे झाडं मोजली तेव्हा दिसलं की जाती गठ्ठ्याने बदलत नाहीत, एकेक करून सरकत जातात, म्हणजे पारडं ग्लीसनच्या बाजूला झुकलं. आज इकॉलॉजीतलं कुणी क्लेमेंट्सचं जसंच्या तसं शिकवत नाही, पण आपल्याकडे वृक्षारोपणाचा बॅनर छापणारा प्रत्येक जण नकळत क्लेमेंट्सचाच चेला. प्रत्येक जमिनीला मोठं होऊन जंगल व्हायचंय, आणि जी झाली नाही ती नापास.

आता सड्यावर काय असतं ते सांगतो, कारण खरा मुद्दा तिथेच आहे आणि मी लहानपणापासून त्याच्यावरून ये-जा करूनसुद्धा मला ते तिशी उलटल्यावर दिसलं.

मृगाचे पहिले दोन-तीन पाऊस झाले की सगळ्यात आधी दिपकाडी. पांढरी फुलं, काड्यांवर लोंबणारी, शास्त्रीय नावातच कोकण, दिपकाडी कोंकनेन्स. ती येते कुठून तर कातळाच्या फटीत कांदा दडवून आठ महिने झोपलेली असते. मग जुलैत खळग्यांत पाणी साठतं, प्रत्येक खळगा म्हणजे एक तळं, त्यात बेडकांची पिल्लं, चतुरांच्या अळ्या, आणि सगळ्यांना घाई, कारण पाऊस आठवडाभर ओढला तर तळं संपलं. ऑगस्टमध्ये गेंद, पांढऱ्या बटणांसारखी फुलं, लांबून बघितलं तर कुणीतरी साबुदाणा उधळलाय असं वाटतं. त्यांच्यामध्ये निळी-जांभळी सीतेची आसवं. ही दिसायला इवलीशी पण मांसाहारी बरं का! एवढ्या पावसात मातीतलं सगळं सत्त्व धुऊन जातं, नायट्रोजन मिळायचा कुठून, म्हणून तिने खाली ओल्या मातीत बारीक पिशव्यांचे सापळे मांडलेले असतात, सूक्ष्म जीव केसाला लागला की झाकण उघडून पाण्यासकट आत खेचला. बाजूलाच दवबिंदू, ती चिकट थेंबांवर किडे धरते. मग कवल्याची पिवळी फुलं, तेरडा, आणि ऑक्टोबरात गवत पिवळं पडून वाऱ्यावर झोपायला लागलं की सीझन संपला. उरतात त्या बिया, कांदे आणि दगडाखालची मंडळी.

आणि या मंडळींना कुणीच विचारत नाही. सुट्टा पडलेला दगड उलटा (हाताने नको, काठीने) आणि बघा. विंचू, फुरसं, आणि नशीब असेल तर पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची छोटी पाल. ही पाल रत्नागिरीजवळच्या डोर्ल्याहून १९६३ मध्ये शास्त्राला माहीत झाली आणि ती कोकणातल्या सड्यांचीच. तिला झाडावर चढायचं नाही, भिंतीवर यायचं नाही, तिला तो सुट्टा दगडच हवा, कारण दुपारी वर भाजत असलं तरी दगडाखाली जरा गार असतं. तो दगड आपण बागेच्या गडग्यासाठी, म्हणजे दगडी कुंपणासाठी, उचलला की तिचं घर गेलं. इंग्रजांच्या काळात आमच्याकडे फुरसं मारायला बक्षीस होतं म्हणतात ते खरंय, आणि फुरसं वाचवा असं मी गावात म्हणालो तर मलाच मारतील, पण तोही त्या वस्तीतलाच एक.

तर अशा जागेवर झाडं लावायची म्हणजे काय करायचं? ब्रेकरने नाहीतर जेसीबीने खड्डा फोडायचा, खालून टेम्पोने माती आणून भरायची, आणि रोप लावायचं. रोप कुठलं, तर जे नर्सरीत फुकट मिळतं ते. गिरिपुष्प, ऑस्ट्रेलियन अकेशिया, फार तर काजू. राज्यात २०१६ ते २०१९ मध्ये ५० कोटी झाडांची मोहीम झाली, पहिल्या वर्षी २ कोटी, शेवटच्या एका वर्षात ३३ कोटी. एवढे आकडे गाठायचे तर जागा लागणार, आणि मोकळी जागा म्हटलं की सडा, माळ, गवताळ रान हेच डोळ्यासमोर येणार, कारण तिथे कुणाचं घर नाही नि शेत नाही. लावलेल्यातली बरीच जुलैत खड्ड्यात पाणी तुंबून कुजतात, उरलेली मार्चमध्ये वाळतात. पण मेली ती बरीच म्हणायची, खरी पंचाईत जी जगतात त्यांची आहे. अकेशिया जगला की त्याची जाड पानं खाली पडून लवकर कुजत नाहीत, त्याचा थर बसतो, वर सावली, आणि गेंद-सीतेची आसवं यांना तर उघडं ऊन हवं. पाच-सात वर्षांत त्या तुकड्यावर एकच झाड आणि खाली काही नाही. फोटोत मात्र हिरवंगार.

हे फक्त आमच्याकडेच झालंय असं नाही. कच्छमधल्या बन्नीच्या गवताळ रानात १९६० च्या दशकात वनखात्याने खारटपणा रोखायला म्हणून परदेशी वेडी बाभूळ लावली, तिकडे तिला गांडो बावळ म्हणतात, आणि तिने आशियातल्या नावाजलेल्या कुरणाचा मोठा भाग गिळला, म्हशी पाळणारे मालधारी आजपण ती उपटतायत. सोलापूरकडे माळढोकाच्या माळावर झाडं लावली, आणि माळढोक असा पक्षी की त्याला चारही बाजूंनी लांबपर्यंत दिसलं पाहिजे. आमच्या किनाऱ्यावर सुरूची बनं आहेत ना, पर्यटकांना फार आवडतात, सावली, झोके. पण तिथे आधी वाळूच्या टेकाडांवर मर्यादवेल होती, जी वाळू धरून ठेवते आणि तरी कासवाला चढायला जागा देते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखली, त्याचं आपण कौतुक करतो, आणि दुसरीकडे उघडी वाळू दिसली की सुरू लावतो. दोन्ही एकाच दमात.

कुणी म्हणेल की मग काहीच बदलू नये का, निसर्ग होता तसाच काचेच्या पेटीत ठेवायचा का. अजिबात नाही, उलट बदल होतच असतो आणि तो कशाने होतो ते बघायला शिकलो तर निम्मे घोळ कमी होतील. रायगडात पेण-अलिबागकडे खारेपाटात जा. समुद्राला बांध घालून पिढ्यान्‌पिढ्या भातशेती केलेली जमीन. बांध फुटला, दुरुस्तीला कुणी फिरकलं नाही, खारं पाणी आत आलं आणि काही वर्षांत तिथे तिवर, चिपी उभी. कुणी मोहीम काढली नव्हती, बॅनर नव्हता, बी भरतीबरोबर आलं आणि चिखल-मीठ मानवलं म्हणून रुजलं. आता शेतकऱ्याची अडचण ही की स्वतःच्याच सातबाऱ्यावरच्या जमिनीत कांदळवन झालं म्हणून त्याला हात लावता येत नाही. कांदळवनांना संरक्षण हवंच, मी त्याच्या बाजूचा आहे, पण त्या शेतकऱ्याच्या रागालाही मी चूक म्हणणार नाही, कारण त्याने झाड लावलं नव्हतं, दुसऱ्या कुणीतरी बांध सोडला होता. मला यातून एवढंच दाखवायचंय की जिथे झाडाला यायचं असतं तिथे ते कुणाला न विचारता येतं. हजारो वर्षं जांभ्यावर आलं नाही याचा अर्थ तुमच्या पाचशे रुपयांची वाट बघत होतं असा नाही.

आफ्रिकेतलं सेरेंगेटीचं गवताळ रान हे याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. तिथे १८९० च्या दशकात गुरांचा बुळकांडी रोग पोचला आणि रानातले विल्डबीस्ट नावाचे गवत खाणारे प्राणीपण धडाधड मेले. पुढे आजूबाजूच्या गुरांना लस दिली, रोग हटला, विल्डबीस्ट १९६० च्या सुरुवातीच्या साधारण २.५ लाखांवरून १९७० च्या दशकात १३ लाखांच्या आसपास गेले. एवढी तोंडं गवत खायला लागल्यावर वणव्याला जळायला गवतच कमी उरलं, वणवे कमी झाले, आणि मग झाडं वाढली. म्हणजे लस गाईला आणि झाडं वाढली गवताळ रानात! तिथेसुद्धा रोपं लावून काही झालं नव्हतं, वणवा हलला म्हणून वस्ती हलली.

आमच्याकडे याच्या बरोबर उलटं चाललंय आणि कुणाचं लक्ष नाही. आजीच्या काळात सड्यावरचं गवत कापून आणायचे, गुरांना, घर शाकारायला. गोठ्यात दहा-बारा गुरं. आता आमच्या वाडीत सगळी मिळून चार असतील, निम्मी घरं गणपती-शिमग्याशिवाय बंद. गवत कापलं जात नाही, चरलं जात नाही, मग सड्याच्या कडेला जिथे थोडी माती आहे तिथे रानमोडी आणि करवंदाच्या जाळ्या पुढे सरकतायत, खालची भातशेती ओस पडली तिथेपण झुडपं, आणि त्या आडोशाने रानडुक्कर नि माकडं पार परसात. गावातले लोक म्हणतात जंगल वाढलं. वाढलं खरं, पण ते जुनं जंगल परत आलेलं नाही, हे चाकरमान्यांच्या बंद दारांचं जंगल आहे. गंमत म्हणजे कशेळीच्या कातळशिल्पात भलाथोरला हत्ती कोरलाय, राजापूर-रत्नागिरीकडच्या शिल्पांत गेंडापण आहे. जुनी माणसं हे प्राणी बघून काढत होती की ऐकून, काय माहीत, पण गेंडा आज इथे कुठेच नाही, आणि हत्ती मात्र २००२ मध्ये कर्नाटकातून दोडामार्गात उतरले नि अजून आहेत, केळी-माडांची नासाडी करतायत. बदल हा असा असतो, कुणाच्या सोयीने येत नाही.

आता सगळ्यात अवघड भाग, आंबा. १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबाग लागवडीला शंभर टक्के अनुदान आलं आणि आमच्या बाबांनीपण सड्यावर सुरुंग लावून कलमं घातली. माझं कॉलेज त्या हापूसच्या पेट्यांवर झालंय. त्यामुळे सडा पवित्र आहे, कुणी हात लावू नये, असं मी म्हणालो तर तो शुद्ध ढोंगीपणा होईल. ज्याचं पोट त्या पोटखराब्यावर आहे त्याला फुलं दाखवून उपाशी ठेवता येत नाही. पण आंबा लावणारा निदान खरं बोलतो, की मी पैशासाठी कातळ फोडतोय. त्याचा हिशेब करता येतो, कुठला तुकडा घ्यायचा, कुठला सोडायचा यावर त्याच्याशी बोलता येतं. वृक्षारोपणाचं तसं नाही. त्यात कुणाचं पोट नाही, कुणाला उत्पन्न नाही, वर पुण्य मात्र आहे, आणि पुण्याशी वाद कोण घालणार? तोटा तोच, दगड उचलला जातो, खळगा बुजतो, आणि हातात काजूची बीसुद्धा येत नाही.

शिवाय सडा फोडला की पाण्याचापण प्रश्न येतो. जांभा सच्छिद्र, पावसाचं पाणी त्याच्यातून झिरपत खाली चिकणमातीच्या थरापर्यंत जातं आणि डोंगराच्या पायथ्याला झरा होऊन निघतं. आमच्या वाडीतली विहीर त्याच्यावर आहे. शेजारच्या गावात सड्यावर चिरेखाणी झाल्या, तिथल्या विहिरींची रड दर मार्चला ऐकतो.

मग करायचं काय तर फार काही नाही. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, त्यात प्रत्येक ग्रामपंचायतीने लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. बऱ्याच ठिकाणी ती कुठल्यातरी एजन्सीकडून भरून घेतलेली असते, आंबा, काजू, फणस, संपलं. त्या वहीत सड्याची पानं आली पाहिजेत, कुठला खळगा, कुठलं फूल, कधी. आणि वृक्षारोपणाच्या जागा ठरवताना ती वही उघडली पाहिजे. झाडं लावायचीच असतील तर घळीत, ओढ्याकाठी, घराच्या आवारात लावा, तिथे माती आहे आणि झाड आधीपण होतं. सातबाऱ्यावरचा तो शब्द बदलायला हवा हे मला पटतं, पण तो बदलेपर्यंत थांबायची गरज नाही.

खरी गोम तारखेत आहे. झाडं कुठे लावायची ते ठरतं १ मे च्या ग्रामसभेत. १ मे ला सडा कसा दिसतो? काळा, भगभगीत, मेलेला. त्या दिवशी कुणालाही वाटेल इथे झाडं लावली पाहिजेत, मलापण वाटायचं. हाच विषय १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत घ्या आणि आधी तासभर सगळे वर चला, असं मी यंदा सरपंचांना सांगितलं. हसले. म्हणाले, "येतंय, पण काय घालून येव? चिखल असतलो." मी म्हटलं, गमबूट घाला दादा, फुरसं असतं.